रेवसच्या सवयीने काढलेली दोन तिकिटं

मंडळी, मी आज सकाळीच विमानात बसलो असेन, असं तुम्हाला वाटत असेल. मी अलिबागला माझ्याच घराच्या ओट्यावर बसलोय, बॅगेसकट.

लेकीकडे टोरोंटोला निघालो होतो, पंधरा दिवसांची नात पहिल्यांदा बघायला. "बाबा, मी काढते तिकीट," असं ती म्हणत होती. मी हट्टाने स्वतः काढली, दोन टप्प्यांची दोन वेगळी. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथे उतरून एसटीचं नवं तिकीट, यातच आपला जन्म गेला. वाटलं, विमानाचंही तसंच असणार.

विमानतळावर काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, ही तिकिटं जोडलेली नाहीत. मधल्या विमानतळावर बाहेर पडून बॅग घ्यावी लागेल आणि पुन्हा द्यावी लागेल. त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो. आहे का?"

नव्हता.

"बरं, सोडायला कोणी आलंय? ते थांबलेत का बाहेर?"

तेही नव्हतं.

परतताना लाँचवर मला कोणी काहीच विचारलं नाही.

परत फिरल्याचं लेकीला कळवलं होतं, मघाशी तिचा फोन आला. "पोचलात ना घरी? जेवलात?" दोन्हीला हो म्हटलं. चावी तीन महिन्यांसाठी शेजारच्या मंगलकाकूंकडे दिली होती, आणि त्या पेणला गेल्यात. संध्याकाळी येतील.

तिकिटं एकत्रच काढा, एवढंच सांगायला लिहायला घेतलं होतं. आता मात्र दुसरंच विचारावंसं वाटतंय. तुम्ही असे अचानक परत आलात, तर आतून दार उघडायला तुमच्या घरी कोणी आहे का?