बंदुकीला ऊन दाखवणारी

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत वाघाला न भिणारी माणसं पुष्कळ होती, पण बंदुकीला लेकरासारखं ऊन दाखवणारी बाई एकच होती, आणि ती माझ्या घरात होती. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं तेही त्या बंदुकीचंच. दसरा दोन दिवसांवर होता. अंगणात गोणपाट टाकून दोघं बसलो होतो. मी स्क्रू धरून होतो, ती मोहाच्या तेलाचं बोट बंदुकीच्या खिट्टीवर, गोळी ठोकणाऱ्या त्या सुट्या भागावर, फिरवत होती. म्हणाली, "आज तेल मुरू द्या. खिट्टी उद्या बसवू."

बंदूक तिच्या बापाची. म्हातारा संस्थानच्या शिकारीत जनावर उठवायला हाका घालायचा, त्याचं बक्षीस म्हणून ती बारकी रायफल मिळालेली. संस्थान विलीन झालं त्या साली म्हातारा गेला. भाऊ नव्हता, म्हणून बंदूक सूर्यमाळहून माझ्या बैलगाडीतनं आमच्याकडं आली. हिनं सबंध वाट ती मांडीवर धरली होती. मी म्हटलं, मागं गवतावर ठेव की. तर मलाच मागं बसायला सांगितलं. परवाना माझ्या नावाचा झाला, पण हुकूम तिचा. बापाच्या दारात दर दसऱ्याला एक बार उडायचा, तो आपल्या दारात उडालाच पाहिजे, एवढंच तिचं मागणं. साडी मागितली नाही, सोन्याचा डाग मागितला नाही. बार मागितला.

आता त्या बंदुकीची जात सांगतो. तिच्या गोळीला बुडाच्या मधोमध ठोकून चालत नाही, कडेला ठोकावं लागतं, तेव्हा उडते. बायकोचंही तसंच. सरळ मधोमध बोललं तर ढिम्म, कडेकडेनं गेलं की भडका. तो कडेला ठोकणारा खिळा झिजला होता. नवा कुठं मिळणार? एकदा खोडाळ्याच्या बाजारातनं आलो, छत्री उघडली तर एका बाजूनं लोंबती. तिची एक काडी काढून हिनं पाट्यावर घासून खिळा केला होता, आणि त्याच पाट्यावर मिरचीही वाटली होती. त्या पावसाळ्यात माझा डावा खांदा भिजला आणि कालवणाला लोखंडाचा वास आला. तक्रार केली तर म्हणाली, "उजवा कोरडा आहे ना?"

खिळा बरा झाला तरी बंदूक दसऱ्याला सकाळी उडेना. झेंडूची माळ घालून, आपट्याची पानं ठेवून, शेजारीपाजारी कानांत बोटं घालून उभे, आणि ही चाप ओढते तर आतून नुसतं टक्. कारण मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. बाप मोहाचं तेल लावायचा म्हणून ही मोहाचंच लावी. सकाळच्या गारव्यात ते तेल तुपासारखं थिजतं, मग आतली स्प्रिंग चिखलात पाय रुतल्यासारखी चालते. मी शिवणयंत्राचं तेल आणून दिलं. ते तिनं दाराच्या बिजागरीला घातलं. दार एकदम गप्प झालं, बंदूक होती तशीच. मग उपाय निघाला तो उन्हाचा. खिट्टी काढून गोणपाटावर मांडायची, सावली सरकली की गोणपाट सरकवायचं. ते काम माझं. ही चुलीपासून हाक घालायची, "पाघळलं का?" मी म्हणायचो, "नाही अजून." पाघळलं की जोडायची आणि बार काढायचा. सगळ्या आळीचा दसरा सकाळी, आमचा दुपारी. शेजारीण म्हणायची, तुमची बंदूक बाळंतीण आहे, तिला शेकशेगडी लागते. एकदा जमादार परवाना तपासायला आला, बंदूक चालते का दाखव म्हणाला. हिनं त्याला ऊन वर येईपर्यंत ओट्यावर बसवलं, नागलीची भाकर खाऊ घातली. बार उडाला तेव्हा तो भिंतीला टेकून घोरत होता. दचकून उठला, टोपी घातली आणि न विचारता सही करून गेला.

मी चिडायचो, खोटं का सांगू. कापणीच्या दिवसांत लोक शेतात आणि मी खिट्टी राखत बसलेला. एकदा ओरडलोच, तेल बदललं तर काय बाप उठून येणार आहे? ती म्हणाली, "उठून नाही येणार. पण वास येतो ना त्यांच्या हाताचा." मी गोणपाट सरकवलं.

तर दसऱ्याला दोन दिवस होते त्या दिवशी खिट्टी तशीच सुटी ठेवून ती चूल पेटवायला उठली. तिन्हीसांजेला छातीत कळ आली. गाडी जुंपेपर्यंत संपलं. दुसऱ्या दिवशी तिला नेऊन आलो. लोक बसले, बोलले, गेले.

त्याच्या दुसऱ्या सकाळी दसरा. सुतकात पूजा नाही, बार नाही. पण ऊन दाखवायला सुतक कसलं? शिवणयंत्राच्या तेलाची डबी फळीवर होती, तिला हात लावला नाही. मोहाचं तेल घेतलं, थिजलेलं होतं. खिट्टीला लावलं, अंगणात गोणपाट टाकलं आणि बसलो. सावली आली तसं सरकवत गेलो. ऊन डोक्यावर आल्यावर बोट लावून पाहिलं, आणि घराकडं तोंड करून सांगितलं, "पाघळलं गं."