जप्त केलेला विळा

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. त्या प्रकरणात चूक माझ्या एकट्याची होती.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं, नेमणूक पेणच्या पोलीस ठाण्यात. जंगल सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी सकाळीच तक्रार आली की, स्मारकाच्या कपाटातला विळा चोरीला गेला. सरकारी रानात गवत कापून कायदा मोडणाऱ्या एका सत्याग्रहीचा तो विळा. पाहुणे यायचे होते, वरून फोन सुरू झाले.

तासाभरात खबर मिळाली. निडी स्टेशनवर उतरलेल्या एका आदिवासी म्हातारीच्या गोणपाटातून विळ्याचं टोक चहावाल्याला दिसलं होतं. आम्ही तिला गाठलं, पंचनामा केला, विळा जप्त करून तिला ठाण्यात आणलं.

दुपारपर्यंत ती बाकावर बसून दाराबाहेरचं ऊन बघत होती.

“बोल गो आजी, नायतर साहेब सोडायचे नाय,” महिला हवालदार म्हणाली.

“सासऱ्याचा हाय तो,” म्हातारी म्हणाली. “या दिवशी त्याच रानात एक मूठ गवत कापायचं. त्यांच्या छातीला शिपायानं बंदूक लावली व्हती, तरी मूठ पुरी कापली. मग दरसाल तेच कापायचे, मागनं माझा नवरा. आता मी. दिस मावळायच्या आत जाऊ दे, साहेब.”

चोराकडे गोष्ट तयारच असते, असं मी मनाशी म्हटलं.

चार वाजता स्मारकाचा जुना रखवालदार जोहे गावाहून धावत आला. दरसाल विळा तोच तिला काढून द्यायचा. यंदाही काम सोडण्याआधी दिला होता, फक्त नव्या रखवालदाराला सांगायचं राहिलं होतं.

मी तिला सोडलं. विळा मात्र मुद्देमालात जमा होता, न्यायालयाच्या आदेशाशिवाय देता येत नाही, असं सांगितलं. ती रिकाम्या हाताने निघून गेली.

त्या स्मारकापुढे मी कित्येक वर्षं सलामी दिली होती. शौर्य म्हणजे दगडावर कोरलेली नावं, एवढीच माझी समज.

पुढच्या वर्षी, निवृत्त झाल्यावर, त्याच दिवशी मी निडीला उतरलो आणि तिच्यामागून डोंगर चढलो. मला धाप लागली, ती थांबली नाही. वर पोचल्यावर विचारलं, गेल्या वर्षी विळ्यावाचून काय केलंस? तिने तळवे पुढे केले. त्यांवर कापल्याच्या पांढऱ्या रेघा होत्या.

“हातानं उपटलं,” ती म्हणाली. “मूठ पुरी केली.”

मग तिने वाकून, न्यायालयातून सुटून स्मारकात परत आलेला तो विळा चालवला. टोपी नव्हती, तरी हात आपोआप कपाळाशी गेला.

“आजी,” मी म्हणालो, “मुद्देमालाचं निमित्त होतं. न्यायाधीशांना एक फोन केला असता तर तुला त्याच दिवशी विळा मिळाला असता. माझी चूक कागदावर येईल म्हणून मी तो केला नाही. मला माफ कर.”