नैवेद्याआधीची वाटी

गौरींची आरती रंगली होती. टाळ्या वाजवणाऱ्या आईच्या वरच्या ओठावर मला घामाचे थेंब दिसले. तिनं इन्शुलिन टोचून घेतलं होतं, पण नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घ्यायचा नाही हा तिचा नेम. आणि काकांना एकेक आरती आठवतच होती.

स्वादुपिंड धड असतं तर जेवण लांबलंय हे ओळखून त्यानं हात आखडता घेतला असता. टोचलेल्या इन्शुलिनला ते कळत नाही. ते साखर उतरवतच राहतं. मग मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन इवल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो. शरीराजवळ हाका मारायला आवाज नसतो, हे थेंबच असतात.

हाक ऐकल्यावर मी कशाला थांबू? नैवेद्याच्या ताटातली खिरीची वाटी उचलून मी आईच्या ओठांना लावली.

"अगं, गौरींना अजून दाखवला नाही," ती पुटपुटली.

"त्यांचं मी बघते. तू पी."

काकांनी डोळे वटारले, पण आई प्यायली. आरत्या संपेपर्यंत तिच्या ओठावरचा घाम सुकला होता.

रिकामी वाटी मी तशीच गौरींपुढे ठेवली.