जाळीत खोचलेला झेंडू

ताईच्या शेवटच्या शर्यतीत गाडीचं इंजिन जळलं ते माझ्यामुळे, आणि वीस वर्षं मी ते कुणाला कळू दिलं नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वटार गावातल्या आमच्या वाडीतली केळी आणि फुलं टेम्पोतून बाजारात नेता नेता ती गाडी शिकली आणि पुढे थेट शर्यतीत उतरली. त्या शर्यती रस्त्यावरच्या साध्या गाड्यांच्याच. मागच्या सीटा काढायच्या, गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत लोखंडी पिंजरा बसवायचा. वळणावर ताई आतल्या बाजूनं घुसली की लोक उठून उभे राहायचे. मी तिचा मदतनीस. चाकं बदलायची, काच पुसायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं. तेवढा आनंद मला पुन्हा कशात मिळाला नाही.

त्या दिवशी आईनं वाडीतल्या झेंडूचा हार दिला होता. गाडीची पूजा झाली, नारळ फोडला. शर्यतीआधी हार काढायचा असतो, हे मला माहीत होतं. पण देवाचं फूल तिच्याबरोबर राहावं म्हणून मी तो पुढच्या जाळीच्या आत, रेडिएटरसमोर खोचला. फुलांनी वारा अडवला. ताई पहिली होती. तीन फेऱ्या उरल्या असताना बॉनेटमधून वाफ आली नि गाडी थांबली. धावत जाऊन बॉनेट मीच उघडलं, आणि करपलेला हार खिशात कोंबला.

"इंजिन तापल्याचा काटा बघायचा ना, बाई!" गाडीचा मालक सगळ्यांसमोर ओरडला.

"बघितला. वाटलं, तीन फेऱ्या निघतील," ताई म्हणाली.

त्यानंतर तिला कुणी गाडी दिली नाही.

ताई रडत बसली नाही. पापडी गावात तिनं बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास काढला. तिथले फॉर्म मी भरतो. दिवसभर नुसता हशा असतो. "अगं, क्लच आहे तो, झुरळ नाही! हळू दाब!" आणि प्रत्येक नवीन बाईला ती काट्याकडे बोट दाखवून आपली ती गोष्ट सांगते, स्वतःलाच हसत. मी फॉर्ममध्ये डोकं घालून बसतो.

मागच्या महिन्यात कळंबची एक मासेवाली लायसन्स मिळाल्याचे पेढे घेऊन आली. आता मासळीचा टेम्पो ती स्वतः चालवणार होती.

"मॅडम, मी तुमच्यासारखं इंजिन नाय जालनार. काट्यावर डोला ठेवीन!"

सगळ्या खो खो हसल्या. ताईही हसली. "हो बाई, माझ्यासारखी येडी होऊ नकोस."

मला बसवेना. मी उठलो.

"ताई, येडी तू नव्हतीस. हार मी जाळीत ठेवला होता, म्हणून इंजिन तापलं. तुला सगळ्यांसमोर बोलणी बसली, तेव्हा तो माझ्या खिशात होता. म्हणून आज सगळ्यांसमोरच सांगतो. चूक माझी होती. मला माफ कर."