शेठचं इंजिन मी रुळवलं

त्या शेठला मी अजून माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, जाऊ दे, झालं गेलं. का जाऊ दे? माझं झालं, माझं गेलं, मग सोडायचं की धरून ठेवायचं हे मीच ठरवणार.

आशागडला रस्त्याला लागून माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आयटीआयच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, आणि तेव्हापासून जळालेल्या मोटरींच्या तारा उपसून नव्या भरतेय. चिकूच्या वाड्यांवरचे पंप, तलासरीकडच्या गिरण्या, मिक्सर, जे येईल ते. २०१६ साली शेठ माझ्याकडे एक इंजिन घेऊन आला. आगगाडीचं, वीतभर लांब. खेळणं म्हटलं की त्याला राग यायचा. मोठ्या वाडीचा गुजराती मालक. बंगल्याच्या हॉलमध्ये स्टेशन, बोगदे, डोंगर सगळं मांडलं होतं म्हणे. गाडी डिजिटल. म्हणजे रुळात वीज कायम असते, हातातल्या रिमोटवरून हुकूम सुटतो, आणि इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाचं नखाएवढं सर्किट असतं, ते हुकूम ऐकून मोटर फिरवतं.

मी इंजिन नाकाशी धरलं. जळका वास.

"किती डबे लावले होते?"

"सोळा."

"नव्या इंजिनाला? पहिल्याच दिवशी?"

"पाहुणे होते, बेन."

मी समजावून सांगितलं, की शेठ, नवं इंजिन आधी रुळवावं लागतं. मोकळं, हळूहळू, थोडं पुढे थोडं मागे फिरवायचं, म्हणजे आतले गिअर एकमेकांत नीट बसतात. त्याने मान डोलावली. मग तीन दिवस भिंगाखाली डोळे फोडून, केसाएवढ्या तारेने मी त्याच्या मोटरचं वाइंडिंग भरून दिलं. चाललं. त्याने घरी नेऊन पुन्हा सोळा डबे जोडले आणि या वेळी डिकोडरच जाळला.

आणि या माणसाने काय करावं? वाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'आशागडच्या बेनने माझं नवं इंजिन जाळलं. तिच्याकडे पंप देताना विचार करा.' सरावलीचे एक काका, माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांनीच मला मोबाइल दाखवला. "बघ गं बाई, काय लिहितो हा," असं म्हणून च्च च्च करत माझाच चहा प्यायले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिभेला हाड नाही हे ठीक, पण बोटांनाही नसावं?

पुढच्या उन्हाळ्यात ऐन सीझनला माझं टेबल रिकामं. पंप जळत होते, पण माझ्या दारावरून टेम्पोत बसून वापीला जात होते. काकांचा पंपसुद्धा त्यांच्या मुलाने परस्पर नेला. मी रोज शटर उघडायची, झाडून घ्यायची आणि बसायची. आणि बसल्या बसल्या शेठला मनातल्या मनात सोलायची. मला दुसरं काही नको होतं. जिथे लिहिलंस, तिथेच, त्याच लोकांसमोर परत लिही, एवढंच हवं होतं.

दोन वर्षांनी त्याचा ड्रायव्हर दारात उभा. "शेठ गाडीत बोलावतायत."

"शेठला पाय आहेत ना? दुकानाला पायरी एकच आहे."

आला. हातात परदेशातून मागवलेलं कोरं इंजिन. मधल्या काळात आणखी एक जाळलं होतं, ते मात्र कुणा बेनने नाही, स्वतःच. आता शनिवारी मुंबईचे, सुरतचे, असल्याच आगगाड्यांचे शौकीन दोस्त त्याच्याकडे येणार होते. "बेन, तू म्हणाली होतीस ना, रुळवायचं. तेवढं करून दे." ग्रुपबद्दल अवाक्षर नाही. वर बघायलाही तयार नाही.

मी हो म्हटलं. इतकं गोड हो मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही.

त्याने दिलेले जादाचे रूळ मी टेबलावर गोल मांडले, वीज जोडली आणि त्याचा रिमोट हातात घेतला. अर्धा तास पुढे, मुंगीच्या चालीने. अर्धा तास मागे. मग इंजिन उचलून उलट्या तोंडाने ठेवायचं आणि पुन्हा तेच. मधे मधे बोट लावून बघायचं, तापलं तर थांबायचं. सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. पहिल्या दिवशी ते कुरकुरत होतं, वळणावर अडखळत होतं. तिसऱ्या दिवशी आवाज गेला. मग एक डबा, मग दोन, मग चार. खरं सांगते, मला मजा आली. इंजिनाला मी धक्का लावणार नव्हते. शेठने माझ्यावर घातलेला आळ मीच खरा करून देऊ की काय?

मी फक्त नंबर बदलला. असं नवं इंजिन कारखान्यातून 'तीन' हा नंबर घेऊन येतं. रिमोटवर तीन दाबलं की ते ऐकतं. मी त्याला चार आकडी नंबर दिला. शेठचा रिमोट साधा, इंजिनाला नंबर विचारायची सोय त्यात नाही. पुन्हा तीन कसा करायचा ते खोक्यातल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मी ते पुस्तक सगळ्यात वर ठेवलं. पहिल्या इंजिनाचं पुस्तक त्याने प्लास्टिकमधून काढलंही नव्हतं, हे मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. ड्रायव्हर खोका आणि रिमोट न्यायला आला तेव्हा म्हटलं, "काही अडलं तर शेठना दुकानात यायला सांग. फोनवर मी बोलत नाही."

शनिवारी अकरापासून फोन वाजत होता. वाजू दिला. साडेबाराला शेठ स्वतः आला, घामाने थबथबलेला, हातात इंजिन आणि रिमोट, बगलेत पुस्तकासकट खोका. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. काकाही होते, वापीला भरलेला त्यांचा पंप पुन्हा जळाला होता आणि मुकाट माझ्याकडे आला होता.

"आ शुं करी नाख्युं, बेन? काय करून ठेवलंस हे? हलतच नाही! सगळे बसलेत तिकडे!"

मी त्याच्या हातातून इंजिन घेतलं, टेबलावर अजून तसेच मांडलेल्या रुळांवर ठेवलं, त्याच्याच रिमोटवर माझ्या तळहाताआड आकडे दाबले. भुर्रकन निघालं, काय सुंदर निघालं! मग बंद केलं.

"नंबर बदललाय. सांगते. आधी ग्रुपवर लिहा, पहिलं इंजिन कुणी जाळलं ते."

"ही तर दादागिरी झाली."

"अजिबात नाही. पुस्तकात उत्तर आहे. बसा इथे, वाचा सावकाश."

त्याने पुस्तक उघडलं, मिटलं. घड्याळ बघितलं. कुणी तरी हसलं. मग शेठने मोबाइल काढला आणि एका बोटाने टाइप करायला लागला. मी मोठ्याने वाचायला लावलं. "बेनचा दोष नव्हता. इंजिन मीच जाळलं होतं." काकांच्या खिशात टिंग झालं, म्हणजे पोचलं. मी नंबर सांगितला. तो गेला. माझा जीव इतका थंड झाला की मी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा येईपर्यंत काकांचा मोबाइल दोन-तीनदा वाजला. त्यांनी बघितला आणि उलटा करून मांडीवर ठेवला. मी हात पुढे केला. दिला त्यांनी. खाली कुणी लिहिलं होतं, 'माहीत होतं शेठ.' त्याखाली हसरे चेहरे. त्याखाली आणखी एक, 'सगळ्यांनाच माहीत होतं.'

"काका, तुम्हालाही?"

"अगं, पाहुण्यांत मीच बसलो होतो त्या दिवशी," काका म्हणाले. "सोळा डबे माझ्यासमोर जोडले त्याने. पण शेठच्या विरुद्ध कोण बोलणार?"

काकांची मोटर खोललेली टेबलावर पडली होती. मी तिचे सगळे तुकडे एक एक करून त्यांच्या गोणीत भरले, गोणी त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हटलं, "घेऊन जा. वापीचा टेम्पो आता येईलच."