सकाळची दोन घरं

मी नववीत असताना मायचा उजवा हात मोडला. पुंडलिकनगरात एका घरी जिना पुसताना ती घसरली. तिच्याकडं धुण्याभांड्याची चार घरं होती. बाप शेंद्र्याला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होता. काम कधी लागायचं, कधी नाही. आपण चार दिवस गेलो नाही तर लोक दुसरी बाई लावतात, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

"प्लास्टर निघेस्तोवर पोरगी जाईल," बाप म्हणाला. "महिना-दीड महिन्याचा तर सवाल हाय."

मी गेले. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे खरं सांगायला हवं. पहिले आठ दिवस तर मोठं झाल्यासारखं वाटलं. पण एका घरात माझ्याच वयाची मुलगी होती. ती युनिफॉर्म घालून निघायची तेव्हा मी मोरीत बसून भांडी घासत असायचे. आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचं टाळायचो.

प्लास्टर निघालं, पण मायच्या हाताला जोर आला नाही. बादली उचलली की मनगट थरथरायचं. दिवाळीची सुट्टी आली, संपली. घरात शाळेचं नाव कुणी काढेना. मग वर्गातली मैत्रीण निरोप घेऊन आली. वर्गाच्या बाई विचारत होत्या, नाव कमी करायचं का.

बाप म्हणाला, "लिहिता-वाचता येतं तिला. घरं बी चांगली धरलीत." तो वाईट माणूस नव्हता. त्याची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. नववी म्हणजे त्याला लई वाटायची.

माय डाव्या हातानं तांदूळ निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी चारही घरी विचारलं, "सकाळी सहाला आले तर चालेल का? अकराला माझी शाळा भरते."

दोन घरांनी सरळ नाही म्हटलं. "सहाला आमच्याकडं कुणी उठत नाही," एक काकू म्हणाल्या. तिसरीनं विचार करून सांगते म्हटलं आणि संध्याकाळी होकार कळवला. चौथ्या घरी एक म्हातारी होती. ती म्हणाली, "ये. मी पाचपासून जागीच असते."

घरी येऊन मी सांगितलं, "दोन घरं सुटली, दोन राहिली. सोमवारपासून मी शाळेत जाणार."

"अन् दोन घरात भागंल व्हय?" बापानं विचारलं.

तेव्हा माय बोलली. "नाय भागलं तर मी बघंन. उद्यापासून मी बी हिच्यासंगं जाते."

"हात कुठं चालतो तुझा?"

"डावा चालतो. हिची शाळा सुटणार नाय."

सोमवारी पहाटे आम्ही दोघी निघालो. मी भांडी घासायचे, कपडे पिळायचे. ती डाव्या हातानं झाडायची. सुरुवातीला कोपऱ्यात कचरा राहायचा. मालकीण दाखवायची, ती मुकाट्यानं परत झाडायची. उन्हाळ्यापर्यंत ती डाव्या हातानं फरशीही पुसू लागली आणि तिनं आपणच तिसरं घर धरलं.

शाळेत मात्र मी मागं पडले होते. घटक चाचणीत गणितात नापास झाले. भूमितीचे ते सुटलेले धडे मला पुढंही कधी नीट कळले नाहीत. दहावीला मार्क बेताचेच पडले, पण पास झाले. पुढं डिप्लोमा केला आणि आता शेंद्र्यातच एका कंपनीत माल तपासायच्या कामावर आहे.

आपलं चुकलं, असं बाप कधी म्हणाला नाही. पण धाकटी बहीण नववीत गेली त्या वर्षी माय तापानं पडली. अंथरुणातूनच ती म्हणाली, "धाकटीला दोन दिस पाठवा."

बापानं चपला घातल्या. "तिची शाळा हाय," तो म्हणाला. मग तो पुंडलिकनगरात गेला आणि तिन्ही घरी स्वतः सांगून आला, आठवडाभर आमच्याकडून कुणी येणार नाही. त्यातलं एक घर सुटलं.