तपासणीला येऊ नको

राजारामपुरीत पाठीला दप्तर लावून क्लासला पळणारी जी पोरं दिसतात ना, त्यातलं एकही आमच्या शाळेचं नव्हे. आमची शाळा तिथंच, दोन गल्ल्या आत. सरकारी, पाचवी ते आठवी. मी तिथं पोरांची खिचडी शिजवते. मी स्वतः शाळेत बसले नाही कधी. शेगडीपाशी तांदूळ निवडत आतले धडे ऐकले आणि त्यातनं अक्षरं गोळा केली. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी कामाला लागले तेव्हा शाळेत कारकुनांची पोरं होती, मास्तरांची होती. मग पगारदारांची पोरं एकेक करून इंग्रजी शाळेत गेली. आमच्या सहावीच्या बाईंचंच लेकरू पिवळ्या बसमधनं जातं. त्यांना मी नावं ठेवत नाही, ज्याला झेपतं तो घालतो. मागं राहिली ती रिक्षावाल्यांची, बेकरीत राबणाऱ्यांची, शिलाई करणाऱ्या मुसलमान घरांतली, आणि अलीकडं विजापूरकडनं आलेल्या बांधकामवाल्यांची पोरं. ह्या शेवटच्यांच्या घरी कानडी आणि वर्गात मराठी. माझं माहेर गडहिंग्लजकडचं, मला कानडी येतं, म्हणून ती ताट घेऊन माझ्यापाशी जरा जास्तच रेंगाळतात.

त्यातलीच एक सहावीतली पोरगी. अंगानं काटकी. खिचडी वाढायला लागले की म्हणायची, "साकू अज्जी, साकू." साकू म्हणजे पुरे. पुरे म्हणायची, पण ताट काही मागं घ्यायची नाही.

तिला शाळेत आणलं ते बाईंनीच. दर मे महिन्यात शिकवणाऱ्या बाया पोरं शोधत उन्हातनं फिरतात. पट कमी झाला तर मास्तर कमी होतात, उद्या शाळाच दुसरीकडं जोडतात. शाळेच्या मागच्या गल्लीत जुना बंगला पाडून फ्लॅट होत होते. तिथं वाळूच्या ढिगाशेजारी ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. बाईंनी तिच्या आईला गोडीगुलाबीनं पटवलं आणि जूनमध्ये पोरगी वर्गात बसली.

पाढे एका दमात म्हणायची. मराठी वाचताना मात्र प्रत्येक अक्षरापाशी थांबायची, अनोळखी गल्लीत माणूस घर शोधत जातं तशी.

आता तपासणी म्हणजे काय ते सांगते. वरचे साहेब येतात, कुणाही पोराला उठवतात, पुस्तकाचं कुठलंही पान काढतात आणि वाच म्हणतात. जितकी पोरं अडखळतील तितका शाळेचा नंबर खाली. मग काय होतं, आदल्या दिवशी कच्च्या पोरांना हळूच सांगायचं, उद्या येऊ नका. हे कुठं लिहिलेलं नाही, पण चालत आलंय. इथली पोरं त्यात मुरलेली. एक जण तर ताट पुढं करून मलाच सांगतो, "आज्जी, उद्या आमास्नी सुट्टी! साहेब येणार हाय."

"तुलाच बरी सुट्टी रं?"

"आमी ढ न्हवं का!"

असा हसत सुटला, जसं काही बक्षीसच लागलं. ही पोरं दिवसभर मैदानावर चेंडू बडवतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी रांगेत हजर.

तर त्या खेपेला बाईंनी हिलाही सांगितलं, "उद्या तू नको येऊस हं बाळा." पोरीनं मान डोलवली.

तपासणी झकास झाली. साहेबांनी शिरा खाल्ला, शाळेचं कौतुक केलं, गेले. दुसऱ्या दिवशी सगळी ढ मंडळी आली. ही आली नाही. मला वाटलं, ताप-बीप असेल. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मग बाईच माझ्यापाशी आल्या.

"आज्जी, ती का येत नाही हो?"

"मला इचारता? तुमीच नको म्हणालासा की."

"अहो, एका दिवसापुरतं! बाकीच्यांना बरोबर कळतं ते."

"बाकीची हितली हाईत, बाई. तिला काय ठावं, तुमचं नको उद्यापुरतंच हाय म्हणून?"

बाईंचा चेहरा पडला. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी मागच्या गल्लीत गेलो. आई डोक्यावर वाळूची पाटी घेऊन चालली होती, आम्हाला बघून थांबली. म्हणाली, "शाळेनं नको म्हटलं. बरं झालं, बारक्याला बगाय कोन नव्हतं." रागानं बोलली असती तर सोसलं असतं. पण एसटी इथं थांबत नाही असं कुणी सांगावं, तसं सांगितलं तिनं.

"तसं नव्हतं हो," बाई म्हणाल्या. "उद्यापासून पाठवा. पटावर नाव आहे तिचं."

पोरगी भावाला कडेवर घेऊन पुढं आली. पहिलं काय विचारावं तिनं? "बाई, साहेब काय म्हणले?"

"चांगलं म्हणाले. शाळा छान आहे म्हणाले."

अशी हसली पोर! खरंच आनंद झाला तिला, आपल्या शाळेला चांगलं म्हटलं म्हणून. मग म्हणाली, "परत साहेब आले तर मी यायचं?"

बाईंनी तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं, हो, यायचं. मी मनातल्या मनात म्हणतेय, बोला, बोला की बाई. पण बाईंच्या एकटीच्या गळ्यात दोन वर्ग. शाळा खाली गेली की पहिलं बोट त्यांच्याकडं. त्यांनी पोरीच्या केसांवरनं हात फिरवला. "तोपर्यंत तू शिकशील गं वाचायला," म्हणाल्या.

पोरीनं बाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ब्याड, अज्जी," म्हणाली. नको, आज्जी. भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत गेली. आईला मुकादम हाका मारत होता.

गल्लीच्या तोंडाशी बाई थांबल्या. "मी हो म्हणायला पाहिजे होतं, आज्जी."

"व्हय," मी म्हटलं.

चार पावलांवर तर होती पोरगी. बाई मागं वळतील म्हणून मीही उभी राहिले. तेवढ्यात घंटा झाली. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि वर्गाकडं गेल्या.

पोरगी आली नाही. वर्ष संपेपर्यंत रोज सकाळी तिचं नाव पुकारलं जायचं, मला शेगडीपाशी ऐकू यायचं. बाई थांबायच्या, कुणीतरी पोर म्हणायचं, "न्हाय आली, बाई," आणि बाई पुढचं नाव घ्यायच्या.